छपरावरचा अँटेना
‘फोटोतलं इंजिन’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मागच्या अंकात ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या वाफेच्या इंजिनाचा फोटो छापून तुम्ही लिहिलंत, ‘नंबर ३४४०, म्हणजे १९०३ ते १९१२. यात शंका नको.’ मला शंका आहे. इंजिनामागे जे घर दिसतं, त्याच्या छपरावर टीव्हीचा अँटेना आहे.
(रेडिंगहून एक वाचक)

उत्तर : आहे. इंग्रजी एच अक्षरासारखा, चांगला ठसठशीत आहे. फोटो छापायला देण्याआधी तो मला दिसलाही होता. तारेच्या खांबाचं टोक असेल, असं म्हणून मी पुढे गेले. इथे डर्बीत ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेघा तपासण्यात घालवलेल्या बाईने असं करावं, यावर आमचे हे दोन दिवस हसत होते.

चूक कशी झाली ते सांगते. हे इंजिन स्विंडनच्या कारखान्यात १९०३ साली बांधलं गेलं. ९ मे १९०४ रोजी प्लिमथहून बोटीची टपाल घेऊन येताना सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या उतारावर त्याने ताशी १०२.३ मैलांचा वेग गाठला, अशी नोंद आहे. तो आकडा खरा की फुगवलेला यावर अजूनही तावातावाने भांडणारे लोक मला माहीत आहेत. १९१२मध्ये ग्रेट वेस्टर्न कंपनीने नव्याने नंबर दिले आणि ३४४०चं ३७१७ झालं. त्यामुळे ३४४० दिसला की १९१२च्या आधीचा फोटो, हे गणित मी डोळे मिटून करून टाकलं. पण १९३१ साली निवृत्त होऊन यॉर्कच्या संग्रहालयात गेलेलं हे इंजिन १९५७मध्ये पुन्हा रुळांवर आणलं गेलं, तेही जुन्या रंगात आणि जुन्या नंबरानिशी. १९६१पर्यंत त्याने हौशी लोकांच्या खास गाड्या ओढल्या, आणि मधल्या दिवसांत डिडकॉटहून साउथॅम्प्टनकडे जाणाऱ्या साध्या पॅसेंजरलाही त्याला जुंपत. तुम्ही दाखवलेला अँटेना त्या चार वर्षांतला.

आता मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. फोटो टेबलावर आला की पहिल्यांदा नंबरावर पोस्टाचं एक तिकीट ठेवायचं. मग भिंग घेऊन धुराडं, चाकं, सिग्नल, घरांची छपरं, माणसांच्या टोप्या असं सगळं बघून कागदावर टिपायचं, आणि ते झाल्यावरच तिकीट उचलायचं. नंबर आधी वाचला की डोळे बाकीचं सगळं त्याच्याच सोयीने बघायला लागतात.

प्रश्न : काकू, स्विंडनजवळ आम्ही जुनं घर घेतलं, त्याच्या माळ्यावर हा फोटो सापडला. पाच कामगार इंजिनाबरोबर उभे आहेत. एक जण केबिनच्या पायरीवर लटकला आहे आणि नंबरची पाटी नेमकी त्याच्या पाठीमागे गेली आहे. धुराड्याचा काठ चकाकतो, बॉयलरवर एक चकचकीत घुमट आहे. एवढ्यावरून काही कळेल का?

उत्तर : तुमच्या फोटोत नंबर झाकायला मला तिकीट लागलंच नाही, त्या भल्या माणसाने ते काम केलं होतं. कळतं, पुष्कळ कळतं.

तुम्ही ज्याला घुमट म्हणता तो घुमट नव्हे. बॉयलरमधली वाफ उंचावरून गोळा करायला बहुतेक इंजिनांवर घुमट असतो, तो बॉयलरच्या मध्यावर आणि बुटका, गोल. तुमच्या फोटोतलं भांडं निमुळतं आहे, वर उघडं आहे आणि केबिनच्या बाजूला सरकलेलं आहे. ते सेफ्टी व्हॉल्व्हवरचं पितळी आवरण. ग्रेट वेस्टर्नने विसाव्या शतकात बांधलेल्या मोठ्या इंजिनांना घुमट नसायचाच, वाफ गोळा व्हायची ती भट्टीच्या चौकोनी खांद्यांवरून. ते खांदेही तुमच्या फोटोत केबिनच्या काचेपुढे स्पष्ट दिसतात. धुराड्याच्या काठाला तांब्याची टोपी, वर पितळी आवरण, पुढे निमुळता होत गेलेला बॉयलर : हे तीन एकत्र दिसले की कंपनीचं नाव वाचायची गरज उरत नाही.

आता चाकं मोजू. पुढे लहान चार, मग मोठी सहा, मागे लहान एकही नाही. याला चार-सहा-शून्य म्हणतात. (चाकं दोन्ही बाजूंची मोजायची. फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून दुप्पट करा. नवशिके इथेच घसरतात.) या मांडणीची इंजिनं ग्रेट वेस्टर्नकडे शेकड्यांनी होती. पण तुमच्या फोटोत पुढच्या लहान चाकांपैकी अगदी पहिलं चाक नीट बघा. त्याच्यावरून, बाहेरच्या अंगाने, लोखंडी चौकट गेली आहे आणि दुसऱ्या चाकावर ती नाही. असं पुढे बाहेरून आणि मागे आतून धरलेलं बोगीचं (म्हणजे पुढच्या लहान चाकांच्या गाड्याचं) चाक ‘किंग’ वर्गाचं. ते पाहिल्यावर मी चहा टाकायला उठले, इतका आनंद झाला. किंग फक्त ३० बांधले गेले, १९२७ ते १९३० या काळात, ६००० ते ६०२९ या नंबरांचे.

काळ? टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, शर्टाच्या बटणासारखं गोल चिन्ह आहे. कंपनीच्या आद्याक्षरांचं ते चिन्ह १९३४मध्ये आलं आणि १९४२पर्यंत चाललं. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीच्या, गोल दारावर ओतीव नंबरपाटी नाही, तेही याला धरूनच आहे. ग्रेट वेस्टर्न नंबर पुढच्या बफरपट्टीवर, म्हणजे धक्के झेलणारे बफर असतात त्या आडव्या पट्टीवर, रंगवत असे. दारावरची पाटी ही मुळात मिडलंड कंपनीची आणि पुढे ती जिच्यात विलीन झाली त्या एलएमएसची पद्धत, ती सगळीकडे पोचली १९४८मधल्या रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर.

नंबर मात्र मिळत नाही, म्हणून मी नावाच्या मागे लागले. मोठ्या चाकावरच्या कमानीवर नावाची पाटी आहे. तिच्यासमोर एक जण कोपर टेकून उभा, आणि कोपराच्या पलीकडे उरल्या आहेत फक्त तीन उभ्या रेघा. म्हणजे राजा तिसरा. किंवा आठवा, कारण रोमन आठाच्या शेवटीही तीन रेघाच येतात! जॉर्ज, विल्यम, रिचर्ड, एडवर्ड, हेन्री हे पाच ‘तिसरे’, त्यात मिळवा आठवा हेन्री. शिवाय ‘किंग स्टीफन’चं नाव १९३६ साली बदलून ‘किंग एडवर्ड आठवा’ केलं होतं, तेही धरावं लागेल. तीसातले सात उरले. कोपर आणि पाटी यांच्यामधल्या फटीत एक तिरपी रेघ असल्याचा मला भास होतो. ती खरी असेल तर तो रोमन पाच आणि मग दोनच आठवे उरतात. तेवढा भाग १२०० डीपीआयवर स्कॅन करून पाठवा. आणि हो, फोटो काचेवर दाबताना मागचा पुठ्ठा सोलू नका, जुने कागद पुठ्ठ्याबरोबरच निघून येतात.

प्रश्न : दोन पौंडांना एक फोटो घेतला. नावाच्या पाटीवर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ अगदी स्वच्छ वाचता येतं, पण नंबर १०३ आहे. नातू म्हणतो, खऱ्या फ्लाइंग स्कॉट्समनचा नंबर ४४७२, आजोबा तुम्हाला फसवलं. फसलो का?
(लीड्सहून एक आजोबा)

उत्तर : दोन पौंडांत चांगला माल मिळाला आहे. नातवाला हे वाचून दाखवा.

डॉनकॅस्टरहून हे इंजिन फेब्रुवारी १९२३मध्ये बाहेर पडलं तेव्हा नंबर होता १४७२. तो जुन्या ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या क्रमातला. १ जानेवारी १९२३ला ब्रिटनमधल्या शंभरावर कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत (ग्रेट वेस्टर्न, सदर्न, एलएमएस, एलएनईआर) विलीन झाल्या होत्या. त्यांपैकी एलएनईआरने ग्रेट नॉर्दर्नच्या नंबरांत ३००० मिळवले, आणि १९२४मध्ये १४७२चं ४४७२ झालं. त्याच वर्षी वेम्बलीच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, म्हणून हाच नंबर तोंडात बसला. १९४६मध्ये कंपनीने सगळ्या इंजिनांना वर्गवारीने नवे नंबर दिले. जानेवारीत ५०२ मिळाला, मग आराखडाच बदलला आणि मे महिन्यात तो १०३ झाला. पुढे राष्ट्रीयीकरण. ब्रिटिश रेल्वेने सदर्नच्या इंजिनांत ३००००, एलएमएसच्या ४०००० आणि एलएनईआरच्या ६०००० मिळवले. ग्रेट वेस्टर्नचे नंबर तेवढे जसेच्या तसे राहिले, कारण ते ओतीव पितळी पाट्यांवर होते, आणि इतक्या पाट्या बदलत बसायचं म्हणजे काय! आपलं १०३ डिसेंबर १९४८मध्ये ६०१०३ झालं.

म्हणजे तुमचा फोटो मे १९४६ ते डिसेंबर १९४८ मधला. आता स्मोकबॉक्सच्या बाजूला, धुराड्याच्या थोडं खाली बघा. वरच्या अंगाला एक छोटं झाकण बसवल्यासारखं दिसतंय. ते वाढीव सुपरहीटरसाठी, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांसाठी, केलेलं आवरण. हे इंजिन मुळात ए-१ वर्गाचं, त्याला नवा बॉयलर बसवून ए-३ करण्यात आलं जानेवारी १९४७मध्ये. झाकण आहे, म्हणजे १९४६ वजा. टेंडरवर एलएनईआर अशी अक्षरं आहेत, पण त्यावरून १९४८ वजा करण्याचा मोह मी टाळते. कंपनी १ जानेवारीला संपली, रंग त्या रात्री थोडाच उतरला. इंजिनं रंगशाळेत जाईपर्यंत जुनी अक्षरं मिरवत हिंडतच होती.

नातवाच्या ४४७२बद्दलही एक सांगते. १९६३मध्ये नोकरीतून निघालेलं हे इंजिन ॲलन पेग्लर यांनी विकत घेतलं आणि पुन्हा हिरवं करून त्याला ४४७२ दिला. तेव्हा ४४७२ दिसला की ‘दोन महायुद्धांमधला फोटो’ म्हणणारा माणूस माझ्यासारखाच अँटेनाखाली सापडतो. मागे दोन टेंडर जोडलेले दिसले तर प्रश्नच मिटला : दुसरा टेंडर, जादा पाण्यासाठी, १९६६मध्ये आला.

प्रश्न : मिडलंड रेल्वेची इंजिनं गडद लाल असत असं सगळीकडे वाचतो. माझ्याकडच्या १९१०च्या आसपासच्या फोटोत इंजिन कुळकुळीत काळं आहे. दुसऱ्या एका फोटोत तर ते राखाडी. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : फोटोवर ठेवू नका. मिडलंडचं माहेर असलेल्या डर्बीत राहून मिडलंडच्या लाल रंगावर संशय घेणारं पत्र मला यावं, हे शेजाऱ्यांना कळलं तर माझी धडगत नाही.

त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि निळा मात्र नको इतका दिसे. म्हणून मिडलंडचा लाल फोटोत काळा उतरतो आणि ग्रेट ईस्टर्नचा राजेशाही गडद निळा फिकट, धुतलेला वाटतो. ताडून बघायची सोपी युक्ती आहे. इंजिनाच्या तोंडाशी, बफर ज्या आडव्या पट्टीवर असतात ती पट्टी बहुतेक सगळ्याच कंपन्या लाल रंगवत. फोटोत ती पट्टी खालच्या काळ्या लोखंडाइतकीच काळी दिसली, की ही प्लेट लालाला आंधळी आहे हे समजायचं आणि मग बॉयलरच्या रंगाबद्दल काही बोलायचं नाही. मागाहून आलेल्या फिल्मला सगळे रंग दिसू लागले आणि ही पट्टी उजळली.

राखाडी इंजिन हा वेगळाच प्रकार. कारखान्यातून नव्या वर्गाचं पहिलं इंजिन बाहेर पडलं की अधिकृत फोटोसाठी ते खास मंद राखाडी रंगवत, त्यावर अक्षरं आणि रेघा काळ्या-पांढऱ्या. चकाकी नाही, सावल्या नाहीत, प्रत्येक रिव्हेट दिसतो. फोटो झाला की मग खरा रंग. तुमचा फोटो लख्ख, मागची पार्श्वभूमी पांढरी पुसून टाकलेली आणि आजूबाजूला एकही माणूस नाही. तो कारखान्याच्या फोटोग्राफरचा आहे.

प्रश्न : भर दुपारचा फोटो आहे. इंजिनाच्या पुढे खाली दोन टोकांना दोन दिवे लावले आहेत. दिवसा दिवे कशाला?

उत्तर : उजेडासाठी नाहीत, ते गाडीची जात सांगतात. दोन्ही बफरांवर एकेक म्हणजे एक्स्प्रेस. एकच दिवा वर, धुराड्याच्या पायाशी, म्हणजे थांबत जाणारी पॅसेंजर. खाली मधोमध एकच म्हणजे सामान्यतः नुसतं इंजिन चाललंय. चार दिवे दिसले तर गाडीत राजा किंवा राणी. सदर्नच्या फोटोंना हा नियम लावू नका, तिथे दिवे आणि पांढऱ्या तबकड्या गाडीचा मार्ग सांगत.

प्रश्न : फोटोत गाडी उजवीकडच्या रुळांवरून समोर येताना दिसते. छायाचित्रकार पुलावर असावा. ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून चालतात ना?

उत्तर : तुमच्याकडे तोंड करून येणारी गाडी तुमच्या उजवीकडेच दिसणार. तिच्या ड्रायव्हरची ती डावी बाजू. शंका घ्यायचीच तर सिग्नलवर घ्या : ड्रायव्हरच्या नजरेने सिग्नलचा हात खांबाच्या डावीकडे असतो. तो उलटा दिसला, तर काचेची प्लेट उलटी ठेवून छापली आहे. नंबरावर जाऊ नका, तुमच्या इंजिनाचा नंबर इंग्रजी आकड्यांत ८०८ आहे आणि तो आरशातही ८०८च.

प्रश्न : माझ्याकडे फेब्रुवारी १९५२मधल्या सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेच्या गाडीचा फोटो आहे. इंजिनावर नाव ‘विंडसर कॅसल’, नंबर ४०८२, दोन्ही वाचता येतात. तारीख माहीत, नाव माहीत, नंबर माहीत. या फोटोत तरी तुम्हाला करण्यासारखं काही उरलं नाही, खरं ना?

उत्तर : खरं असतं तर बरं झालं असतं.

‘विंडसर कॅसल’ १९२४चं. या राजाचे वडील, पाचवे जॉर्ज, त्याच वर्षी स्विंडनला आले असताना हे इंजिन त्यांनी स्वतः चालवलं होतं. त्यामुळे पॅडिंग्टनहून विंडसरला जाणाऱ्या त्या शेवटच्या गाडीला हेच इंजिन हवं, हे ओघानेच आलं. पण नेमकं तेव्हा ते दुरुस्तीसाठी कारखान्यात पडलेलं. मग काय केलं, तर त्याच वर्गाच्या ७०१३ ‘ब्रिस्टल कॅसल’ची नाव-नंबरांची पाटी उतरवून त्यावर ४०८२ ‘विंडसर कॅसल’ची चढवली, आणि याची त्याच्यावर. १५ फेब्रुवारीला राजाची गाडी ओढली ती १९४८ साली बांधलेल्या चार वर्षांच्या इंजिनाने. पाट्यांची ती अदलाबदल पुढे कधी परत फिरवलीच नाही. १९५२च्या आधीचं ‘विंडसर कॅसल’ आणि नंतरचं ‘विंडसर कॅसल’ ही दोन वेगळी इंजिनं आहेत.

असं याआधीही झालं होतं. १९३३मध्ये एलएमएसने शिकागोच्या प्रदर्शनाला ‘रॉयल स्कॉट’ पाठवलं, ते खरं ६१५२ होतं, ६१००चं नाव-नंबर घेऊन गेलेलं. १९३९मध्ये ‘कॉरोनेशन’ म्हणून अमेरिकेत गाजलं ते ६२२९ ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’. यातल्या दुसऱ्या जोडीत निदान रंगाने घात केला नसता, कारण ६२२० ते ६२२४ ही वारा कापणाऱ्या गुळगुळीत आवरणाची इंजिनं निळी होती, त्यांवर रुपेरी पट्टे, आणि ६२२५पासून पुढची लाल, सोनेरी पट्ट्यांची. अमेरिकेतल्या फोटोत ‘कॉरोनेशन’ लाल आहे. कृष्णधवल फोटोत ते ओळखायचं म्हणजे पुन्हा प्लेट कसली होती इथपासून सुरुवात.

तुमच्या फोटोच्या मागे काय लिहायचं असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. ‘७०१३, ४०८२ म्हणून, १५ फेब्रुवारी १९५२’ असं लिहा. मऊ पेन्सिलने, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेनने लिहाल तर अक्षरं पुढच्या बाजूला उठतील.